स्थानबद्धता, दहशतवाद आणि आपण

दहशतवादाचा प्रश्न निघाला की आपल्याकडील विचारवंत ताबडतोब एक तराजू पुढे आणतात. एका पारड्यात राष्ट्राची सुरक्षा, दुसऱ्या पारड्यात व्यक्तीचे स्वातंत्र्य. दोन्ही समतोल राहिली पाहिजेत, असे सांगून ते मोकळे होतात. या तराजूविषयी माझी तक्रार अशी की तो कोणाच्या हातात आहे आणि पारड्यात घातलेले स्वातंत्र्य कोणाचे आहे, हे कोणी सांगत नाही. सुरक्षा सर्वांची आणि तिच्यासाठी काढून घेतलेले स्वातंत्र्य मात्र ठरावीक वस्त्यांचे, असा व्यवहार या देशात दीडशे वर्षे चालला आहे. त्याचा इतिहास विद्यार्थ्यांना शिकवताना मला दरवर्षी जाणवते की पाठ्यपुस्तकात तो रौलट कायद्यापासून सुरू होतो आणि आणीबाणीशी संपतो. म्हणजे प्रतिष्ठितांना अटक झाली की इतिहास सुरू होतो आणि ते सुटले की संपतो.

१८९७ चे उदाहरण घ्या. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमामुळे लोक संतापले होते. २२ जून १८९७ च्या रात्री रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आजच्या भाषेत सरकार ज्याला दहशतवादी कृत्य म्हणेल तेच हे कृत्य. सरकारने टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. पण नातू बंधूंवर खटलाही भरला नाही. १८२७ चा मुंबई इलाख्याचा पंचविसावा रेग्युलेशन धुळीतून बाहेर काढून दोघांना विनाचौकशी कोठडीत टाकले. त्याचा निषेध वृत्तपत्रांतून झाला, सभांतून झाला, आणि तो योग्यच होता. आरोप नाही, खटला नाही, मुदत नाही, अशी कैद कोणाच्याही वाट्याला येता कामा नये.

परंतु त्याच काळात, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली उत्तर हिंदुस्थानातील जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या गेल्या होत्या. १९११ च्या सुधारित कायद्याने ती तरतूद सर्व ब्रिटिश हिंदुस्थानभर पसरवली. नाव नोंदवायचे, बोटांचे ठसे द्यायचे, ठरलेल्या वेळी हजेरी लावायची, परवान्याशिवाय गाव सोडायचा नाही. सोलापूर-विजापूरकडे तारेच्या कुंपणात सेटलमेंटी उभ्या राहिल्या. येथेही आरोप नव्हता, खटला नव्हता, मुदत नव्हती. नातू बंधूंना जे दोन वर्षे भोगावे लागले ते पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, रामोशी यांच्या पिढ्यांनी भोगले. तेव्हा मात्र कुठल्या पत्राने अग्रलेख लिहिला नाही.

आमच्या मांगवाड्यात हजेरी हा शब्द अजूनही म्हातारी माणसे जपून वापरतात. माझे आजोबा सांगत की गावात चोरी झाली म्हणजे आधी हजेरी आणि नंतर चौकशी. रात्री पाटलाच्या चावडीवर नाव पुकारले की 'हाय जी' म्हणायचे. एखादा सासुरवाडीला गेलेला असला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोला चावडीवर उभे करायचे. मी वर्गात रोज हजेरी घेतो. तो शब्द उच्चारताना आजोबांची आठवण झाली नाही असा दिवस क्वचितच गेला असेल. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला खरा, पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे राज्याराज्यांत आले आणि पोलीस ठाण्यातील वह्यांवर फक्त नवे पुठ्ठे चढले.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतल्याशिवाय घटना समितीतील एका वादाचा अर्थ लागत नाही. तो वाद आपल्या चळवळीत फारसा वाचला जात नाही, कारण तो अडचणीचा आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेला मूलभूत हक्कांच्या प्रकरणात जागा देणारे कलम घटना समितीपुढे कोणी मांडले? बाबासाहेबांनी. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी '१५ अ' हे नवे कलम मांडले. तेच आजचे कलम २२. आपले विरोधक हे आवर्जून सांगतात आणि आपण ते ऐकून गप्प बसतो. गप्प बसण्याचे काही कारण नाही. काय घडले ते नीट पाहावे.

जीवित आणि स्वातंत्र्य यांच्या संरक्षणाचे कलम, म्हणजे आजचे कलम २१, आधीच्या मसुद्यात निराळे होते. कायद्याच्या यथायोग्य प्रक्रियेशिवाय कोणाचेही स्वातंत्र्य हिरावता येणार नाही, असा त्याचा आशय होता. त्यामुळे कायदा न्याय्य आहे की नाही हे न्यायालय पाहू शकले असते. १९४७ च्या अखेरीस सल्लागार बेनेगल नरसिंह राव अमेरिकेला गेले. तेथे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी त्यांना या शब्दांतील धोका सांगितला : मूठभर न्यायाधीश लोकनियुक्त विधिमंडळाचे कायदे मोडीत काढतात. परत आल्यावर मसुद्यात 'कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती' हे शब्द आले. कायदेमंडळाने कार्यपद्धती ठरवली की झाले. ती न्याय्य आहे की नाही हे विचारायचे नाही.

डिसेंबर १९४८ मध्ये यावर घटना समितीत चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी दोन्ही बाजूंचे धोके सांगितले. पक्षाच्या बहुमतावर चालणारे विधिमंडळ नागरिकांचे हक्क तुडवू शकते. आणि पाच-सहा न्यायाधीशांच्या वैयक्तिक मतांवर सर्व कायद्यांचे भवितव्य सोपवणेही धोक्याचे आहे. त्यांनी स्वतः कौल न देता निर्णय सभागृहावर सोपवला. सभागृहाने विधिमंडळाच्या बाजूने कौल दिला.

मग नऊ महिन्यांनी हे नवे कलम का आले? बाबासाहेबांनी त्या दिवशी स्पष्टच सांगितले की २१ व्या कलमात जे हातचे गेले त्याची ही भरपाई आहे. अटक केलेल्यास कारण सांगितले पाहिजे, त्याला वकील मिळाला पाहिजे, चोवीस तासांत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. या गोष्टी फौजदारी संहितेत आधीपासून होत्याच. पण संहिता विधिमंडळ साध्या बहुमताने बदलू शकते. त्या घटनेत घातल्याने विधिमंडळाचे हात बांधले गेले, असा त्यांचा युक्तिवाद होता. प्रतिबंधक स्थानबद्धतेचे कायदे करण्याचा अधिकार तर आधीच विधिविषयक सूच्यांमध्ये येऊन बसला होता. त्यावर काहीही मर्यादा नव्हती. तीन महिन्यांपेक्षा जास्त डांबायचे असेल तर न्यायाधीशांच्या दर्जाच्या सल्लागार मंडळाची संमती हवी, ही मर्यादा त्यांनी घातली. मात्र त्याच भाषणात त्यांनी हेही सांगितले की देशाच्या तेव्हाच्या परिस्थितीत सार्वजनिक सुव्यवस्था वा सैन्य यांच्याशी खेळणाऱ्याला अडकवण्याची सत्ता शासनाला हवी, आणि अशा प्रसंगी व्यक्तीचे स्वातंत्र्य राज्याच्या हितापेक्षा वरचढ ठरू नये. हे वाक्य लपवून ठेवण्यात अर्थ नाही. फाळणी होऊन दोन वर्षे झाली होती, हैदराबादची कारवाई होऊन एक वर्ष झाले होते.

त्या दिवशी सभागृहातून जबर विरोध झाला. ठाकुरदास भार्गव, बक्षी टेकचंद बोलले. महावीर त्यागी यांनी तर टोमणा मारला की मसुदा समितीच्या सभासदांना आधी तुरुंगातील स्थानबद्धतेचा अनुभव मिळाला असता तर बरे झाले असते. बाबासाहेबांनी तेथल्या तेथे उत्तर दिले की यापुढे तो अनुभव घेण्याचा प्रयत्न करीन. त्यावर त्यागी म्हणाले की इंग्रजांनी तुम्हांला तो मान दिला नाही, पण तुम्ही करीत असलेली ही घटना तुमच्या हयातीतच तो देईल.

सभागृह हसले असेल. मला मात्र या संवादात दोन जगांतील अंतर दिसते. त्यागींचे म्हणणे खरे होते आणि पुढील इतिहासाने ते वारंवार खरे ठरवले. पण ज्या सभागृहात तुरुंगवास हे मानचिन्ह होते तेथे हजेरीचा अनुभव कोणाच्या गाठी होता? त्यागींना सरकारची भीती ठाऊक होती, कारण सरकारने त्यांना पकडले होते. अस्पृश्याला सरकारच्या आधी गावाची भीती ठाऊक असते. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सभासद होते. (या समितीचे अध्यक्ष स्टार्ट हे गुन्हेगार जमातींच्या सेटलमेंटींचे अधिकारी, हाही इतिहासाचा एक विनोदच.) अस्पृश्य आपला हक्क बजावू लागला की गाव त्याचे काम बंद करते, दाणागोटा बंद करते, वाट बंद करते, हे त्या समितीच्या १९३० च्या अहवालात नोंदले आहे. ज्याला शेजारीच कोंडून घालतो त्याला शासन दुबळे असून चालत नाही. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेब हेच मांडतात की राज्याने हात आखडला म्हणून स्वातंत्र्य वाढते असे नाही. मग जमीनदार आणि मालक यांचे राज्य चालते. शासन बळकट हवे आणि शासनाला वेसणही हवी, या दोन्ही मागण्या आपल्याला एकाच वेळी कराव्या लागतात. सवर्ण उदारमतवाद्याला फक्त दुसरी मागणी करून भागते.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो सर्वांना ठाऊक आहे. घटना अमलात येऊन महिना होतो न होतो तोच १९५० चा प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा आला. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने कायदा बहुतांशी उचलून धरला, न्या. फाझल अली यांचे मत वेगळे पडले. एका वर्षासाठी आणलेला हा कायदा १९६९ च्या अखेरपर्यंत जगला. १९७१ मध्ये मिसा आला. आणीबाणीत मिसा आणि भारत संरक्षण नियम यांखाली एक लाख दहा हजारांवर माणसे डांबली गेली, असा आकडा शहा आयोगाने दिला आहे. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितले की आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयाचे दारही ठोठावता येणार नाही, न्या. हंसराज खन्ना एकटे विरुद्ध गेले आणि पुढे त्यांना डावलून कनिष्ठ न्यायाधीश सरन्यायाधीश झाले. मिसा गेला, १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला.

खऱ्या अर्थाने दहशतवादविरोधी म्हणता येईल असा पहिला केंद्रीय कायदा म्हणजे १९८५ चा टाडा. पंजाब पेटला होता, ऑक्टोबर १९८४ मध्ये पंतप्रधानांची हत्या झाली होती, त्यानंतर दिल्लीत शिखांची कत्तल झाली होती. मे १९८५ मध्ये दिल्ली व आसपासच्या भागांत ट्रान्झिस्टरमध्ये लपवलेले बाँब फुटले आणि त्याच महिन्यात कायदा संमत झाला. मुदत दोन वर्षे. तात्पुरतेपणाची ही चाल काही आपलीच नाही. ब्रिटनने नोव्हेंबर १९७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या दारूगुत्त्यांतील स्फोटांनंतर आठवड्याभरात दहशतवाद प्रतिबंधक कायदा केला, त्याच्या नावातच 'तात्पुरत्या तरतुदी' असे शब्द होते, आणि त्या तरतुदी चौथ्या शतकभर चालल्या. त्या स्फोटांबद्दल सहा आयरिश माणसांना जन्मठेप झाली. १९९१ मध्ये सोळा वर्षांनी कळले की ते निर्दोष होते. जुन्या लोकशाहीतही संशय अखेर आयरिश वस्तीवरच जाऊन बसतो.

टाडाने काय बदलले? १८७२ च्या पुरावा कायद्यात खुद्द इंग्रजांनी लिहून ठेवले होते की पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध चालणार नाही. कारण ते आपले पोलीस ओळखत होते. १८५५ मध्येच मद्रास इलाख्यात पोलीस आणि महसूल खात्याच्या छळाची चौकशी त्यांना करावी लागली होती. टाडाने ही भिंत पाडली : पोलीस अधीक्षकाने घेतलेला कबुलीजबाब ग्राह्य. आरोपी दोषी नाही असे मानायला आधार आहे अशी न्यायालयाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. अपील सरळ सर्वोच्च न्यायालयात. उच्च न्यायालयाची पायरी गाळली. मार्च १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. कबुलीजबाबाच्या तरतुदीला न्या. रामस्वामी आणि न्या. सहाय यांनी विरोध नोंदवला. तोवर या कायद्याखाली शहात्तर हजारांवर लोकांना अटक झाली होती आणि शिक्षेचे प्रमाण नगण्य होते. जेथे दहशतवादाचे नाव नव्हते त्या गुजरातेतही हजारोंना अटक झाली. फेब्रुवारी १९९५ मध्ये मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष न्या. रंगनाथ मिश्र यांनी खासदारांना पत्र लिहून मुदतवाढ देऊ नका असे विनवले. मे महिन्यात कायदा संपला. पण त्याखालचे खटले संपले नाहीत.

त्यांतील एका खटल्यापाशी मला थांबायचे आहे. बिहारच्या गया जिल्ह्यातील बारा गावी १२ फेब्रुवारी १९९२ च्या रात्री माओवादी गटाच्या टोळीने तीसहून अधिक भूमिहार पुरुषांना ठार मारले. हत्याकांड भीषण होते, त्याचे समर्थन कोणत्याही तत्त्वज्ञानाने होणार नाही. खटला टाडाखाली चालला. २००१ मध्ये चौघांना फाशी सुनावली गेली. त्यांपैकी दोघे मोची, एक पासवान. अपील सरळ सर्वोच्च न्यायालयात. १५ एप्रिल २००२ रोजी तिघा न्यायमूर्तींचे एकमत होऊ शकले नाही, पण बहुमताने फाशी कायम झाली. त्यांचा दयेचा अर्ज वर्षानुवर्षे पडून राहिला. २०१७ मध्ये राष्ट्रपतींनी फाशीची जन्मठेप केली.

आता दुसरे गाव. शोण नदीच्या काठचे लक्ष्मणपूर बाथे. १ डिसेंबर १९९७ च्या रात्री रणवीर सेनेने येथे ५८ माणसे मारली. बहुतेक दलित, त्यांत कडेवरची मुले होती. खटला सामान्य कायद्याखाली चालला. एप्रिल २०१० मध्ये सत्र न्यायालयाने २६ जणांना दोषी धरले, १६ जणांना फाशी सुनावली. सर्व जण उच्च न्यायालयात गेले आणि ९ ऑक्टोबर २०१३ रोजी सगळे सुटले : साक्षीदार विश्वसनीय नाहीत, संशयाचा फायदा. त्याआधी एप्रिल २०१२ मध्ये बथानी टोलाच्या २१ जणांच्या हत्याकांडातील दोषीही त्याच न्यायालयातून असेच सुटले होते.

दोन्ही निकालपत्रे कायद्याच्या भाषेत लिहिली आहेत आणि प्रत्येकाला आपापले तर्कशास्त्र आहे. पण एकत्र ठेवून वाचावीत. रणवीर सेनेचा हल्ला गावाच्या गावाला दहशत बसावी म्हणूनच होता. 'दहशतवाद' या शब्दाची यापेक्षा चोख व्याख्या काय करायची? तरी त्यातील आरोपींना सामान्य कायदा मिळाला, उच्च न्यायालयाची पायरी मिळाली, संशयाचा फायदा मिळाला. मोची-पासवानांना ती पायरीच नव्हती. माझी मागणी बाथेच्या आरोपींनाही टाडा लावावा अशी मुळीच नाही. माझा मुद्दा असा की विशेष कायदा कोणाला लावायचा हे आधी ठाणेदार आणि जिल्हाधिकारी ठरवतात, आणि त्या ठरवण्यावर न्यायालयाची नजर जवळजवळ नसते. समतोलाचा तराजू न्यायालयात पोहोचण्यापूर्वीच एका बाजूला कललेला असतो.

मुंबईतही हेच. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसे मेली. टाडा न्यायालयाने शंभर जणांना दोषी ठरवले. त्याआधी डिसेंबर-जानेवारीच्या दंगलींत ९०० माणसे मेल्याचे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले. त्यातील शिक्षा बोटांवर मोजता येतील.

टाडानंतर २००२ मध्ये पोटा आला, २००४ मध्ये गेला. पण जाताना त्यातील बरीच कलमे १९६७ च्या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात उतरली. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर डिसेंबरमध्ये त्याला नवे दात बसले : आरोपपत्राविना १८० दिवसांची कोठडी, आणि सकृद्दर्शनी आरोप खरा वाटला तर जामीन नाही. या कायद्याला मुदतही नाही. दोन वर्षांनी संसदेपुढे यावे लागण्याची निदान लाज टाडाला होती. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जामिनाच्या वेळी पुराव्याची बारकाईने छाननी करायची नाही. म्हणजे पोलिसांचे कागद हाच पुरावा. २०२१ मध्ये दुसऱ्या एका निकालाने खिडकी थोडी उघडली : खटला लवकर संपण्याची शक्यता नसेल आणि कैद फार लांबली असेल तर जामीन देता येईल. सरकारनेच संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०१६ ते २०१९ या चार वर्षांत या कायद्याखाली ५,९२२ लोकांना अटक झाली आणि १३२ जणांना शिक्षा. खटला ही शिक्षा नव्हे, तर कैदेची वर्षे हीच शिक्षा, हे सरकारी वकिलालाही ठाऊक असते.

या सर्व अंधारात २००८ च्या हल्ल्याचाच खटला मला उलट बाजूने महत्त्वाचा वाटतो. सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या अंगावर झेलून कसाबला जिवंत पकडून दिले. त्याला वकील देण्यात आला. साक्षी झाल्या, उलटतपासणी झाली, उच्च न्यायालय झाले, सर्वोच्च न्यायालय झाले, दयेचा अर्ज झाला, मग नोव्हेंबर २०१२ मध्ये फाशी. त्याच खटल्यातील दोन भारतीय सहआरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. एवढ्या भयंकर हल्ल्यानंतर, एवढा लोकक्षोभ असताना न्यायालय दोघांना सोडू शकले. याने सुरक्षा कमी झाली असे कोणी म्हणेल काय? उलट २००६ च्या लोकल गाड्यांतील स्फोटांकडे पाहा. १८० हून अधिक माणसे मेली. खटला मोक्काखाली, पोलिसांनी घेतलेल्या कबुलीजबाबांसह. बारा जणांना शिक्षा, त्यांत पाच फाशी. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आहे, हा निकाल दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती मिळाली आहे. परंतु एकोणीस वर्षांनी मृतांच्या नातेवाइकांच्या हातात काय आहे? आरोपींचे तारुण्य गेले. खरे गुन्हेगार कोण, हा प्रश्नही उघडाच. अक्षरधामच्या खटल्यातही मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना सोडले. सोपा कबुलीजबाब मिळाला की कठीण तपास कोण करणार? सैल कायदा पोलिसाला आळशी करतो, आणि आळशी तपासाने कोणीही सुरक्षित होत नाही.

आता आपल्यातल्या कार्यकर्त्यांना नेहमी विचारला जाणारा प्रश्न. तुम्ही यूएपीएला विरोध करता, मग ॲट्रॉसिटी कायद्याच्या १८ व्या कलमाचे समर्थन कसे करता? तेथेही अटकपूर्व जामीन नाकारलेला आहे. माझ्या वर्गात एका सवर्ण विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारला तेव्हा काही मुले त्याच्यावर चिडली. मला तो प्रश्न रास्त वाटला. उत्तर असे : १९८९ च्या कायद्यात फक्त अटकेपूर्वीचा जामीन नाही; अटकेनंतर नेहमीच्या तत्त्वांवर जामीन मिळतो आणि तो मिळतोच, हे कोणत्याही सत्र न्यायालयात जाऊन पाहावे. पोलिसापुढील कबुलीजबाब येथे चालत नाही. उच्च न्यायालयाची पायरी आहे. गुन्हे कृत्यांच्या रूपाने सांगितले आहेत : तोंडात घाण कोंबणे, जमिनीवरून हुसकणे, पाणी नासवणे. कोणती पुस्तके घरात आहेत, कोणाशी विचार जुळतात यावर तो कायदा चालत नाही. आणि प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर अटकपूर्व जामीन देता येतो, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले आहे. २० मार्च २०१८ चा निकाल आणि २ एप्रिलचा बंद यानंतर हे कलम संसदेने नव्याने पक्के केले, ते रक्त सांडून मिळाले आहे.

तरीही एक गोष्ट आपल्याला टोचली पाहिजे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे १८ वे कलम वैध ठरवले तेव्हा टाडाचा दाखला दिला : तेथे चालते तर येथेही चालेल. आपल्या संरक्षणाच्या कलमाला टेकू मिळाला तो टाडाचा. म्हणून टाडाच्या वंशातील प्रत्येक कायद्याला विरोध करताना आपल्या कायद्याचे समर्थन आपण स्वतंत्र पायावर, समतेच्या आणि सतराव्या कलमाच्या पायावर उभे केले पाहिजे. 'त्यांना कडक कायदा, तर आम्हांलाही' हा युक्तिवाद घातक आहे.

कारण कडक कायदा फिरून कोठे येतो हे आपण पाहिले आहे. खैरलांजीनंतर २००६ मध्ये राज्यभर मोर्चे निघाले तेव्हा त्यांच्यामागे नक्षलवादी असल्याची शंका सरकारातूनच जाहीर बोलली गेली. त्या हत्याकांडाच्या खटल्यात मात्र जातीय अत्याचाराचा कायदा न्यायालयांनी लागू होऊ दिला नाही. मेलेल्यांच्या जातीचा पुरावा पुरेसा नव्हता आणि रडणाऱ्यांच्या विचारसरणीचा पुरावा मात्र तयार होता. १ जानेवारी २०१८ च्या भीमा कोरेगावनंतर एल्गार परिषदेच्या प्रकरणात सोळा जणांना या कायद्याखाली अटक झाली. त्यांच्यावरील आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवील. पण आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे भीमजयंतीच्या दिवशी, शरण गेले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये जामिनावर सुटले; आदिवासींत आयुष्य घालवलेले ८४ वर्षांचे स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी कैदेतच, जामिनाची वाट पाहत वारले. त्यांच्याबाबत न्यायालय आता काहीही ठरवू शकणार नाही.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. १ जुलै २०२४ पासून देशाच्या सामान्य न्याय संहितेतच दहशतवादी कृत्याचे कलम आले आहे. म्हणजे अपवाद आता नेहमीच्या पुस्तकात शिरला. देशाच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण शेकडा वीसच्या आसपास आहे, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्येत ते १६.६ आहे. हा फरक सामान्य कायद्यातला आहे. विशेष कायद्याने तो कमी होईल अशी आशा कशाच्या आधारावर करायची?

विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना मी एक गोष्ट शोधून वाचायला सांगत असतो. आणीबाणीनंतर १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २२ मध्ये बदल सुचवला. तीन महिन्यांऐवजी दोन महिने. सल्लागार मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीवरून, त्याचा अध्यक्ष पदावर असलेला न्यायाधीश. आणि मंडळाला वगळून जास्त काळ डांबण्याची संसदेला दिलेली मुभा रद्द. बाबासाहेबांनी ज्याला भरपाई म्हटले ती थोडी पुरी करणारी ही दुरुस्ती संसदेने संमत केली, राष्ट्रपतींची सही झाली. अट एकच : सरकार अधिसूचना काढील त्या तारखेपासून ती लागू. जनता पक्षाने ती तारीख दिली नाही, त्यानंतरच्या काँग्रेसने दिली नाही, आघाड्यांनी दिली नाही, भाजपने दिली नाही. १९८१ मध्ये ए. के. रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला विनंती केली गेली की सरकारला तारीख द्यायला लावा. न्यायालयाने तसा आदेश देण्यास नकार दिला. घटनेची जी प्रत बाजारात मिळते तिच्यात ही दुरुस्ती तळटिपेत छापलेली असते. आपल्या मोर्चांच्या निवेदनांत ती तळटीप मी अजून एकदाही पाहिलेली नाही.